पत्र्याचा तुकडा आणि १९३२ चे एक विमान

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

मागील वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाने दळणवळणाच्या इतिहासावर एक प्रदर्शन भरविण्याचे ठरविले. कुणी छकड्याची प्रतिकृती करण्याचे कबूल केले, कुणी बोरघाटातील रेल्वेचा नकाशा काढण्याचे. विमानाचा विषय निघताच सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. लहानपणापासून मला विमाने करण्याचा नाद आहे, ही गोष्ट वर्गात जगजाहीर आहे. मी तत्काळ होकार दिला. त्या होकारापायी पुढचे चार महिने कानस, पक्कड आणि मलमाच्या रिकाम्या ट्यूबा यांच्या संगतीत जाणार आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

विमानाच्या लहान प्रतिकृतीसाठी धातूचे बारीक भाग घरच्या घरी कसे घडवावेत, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. कला शाखेच्या अंकात ही लोहारकी कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

कोणते विमान निवडले?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन एकट्याने उड्डाण केले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरून ते दुपारी मुंबईत जुहू येथे उतरले. पुढे नेव्हिल व्हिंटसेंट या त्यांच्या सहकाऱ्याने ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविले. इंपीरियल एअरवेजच्या विमानांनी लंडनहून कराचीपर्यंत आलेली पत्रे पुढे नेण्याची ही व्यवस्था होती, आणि तिच्यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. आम्हा पुणेकरांना विशेष वाटावे अशी एक गोष्ट या सेवेच्या इतिहासात आहे. पावसाळ्यात जुहूचे मैदान निरुपयोगी होई. तेव्हा ही विमाने पुण्याला येत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरत. प्रदर्शनासाठी याहून योग्य विमान मला सापडले नसते.

हे विमान म्हणजे इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीचे 'पुस मॉथ'. त्याची नोंदणी व्हीटी-एडीएन अशी होती. एकच पंख, तोही माथ्यावर. खाली तिघांना बसता येईल अशी बंद केबिन. नाकात १२० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे जिप्सी-३ इंजिन. हे इंजिन उलटे बसविलेले असे, म्हणजे त्याची सिलिंडरे खाली लोंबत, आणि त्यामुळे वैमानिकाला नाकावरून पुढचे चांगले दिसे. विमानाची लांबी २५ फूट आणि पंखांचा विस्तार ३६ फूट ९ इंच.

मी १:२४ हे प्रमाण घेतले. खऱ्या विमानाच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. म्हणजे लांबी साडेबारा इंच आणि पंख साडेअठरा इंचांना किंचित कमी. या प्रमाणाची एक सोय अशी की, खऱ्या विमानातला एक इंच प्रतिकृतीत जवळजवळ एक मिलिमीटर होतो. इंचभर जाडीची नळी असेल तर एक मिलिमीटरची नळी शोधायची. हिशेब तोंडी करता येतो.

छायाचित्रांनी केलेली फसगत

लाकडाचे अंग आणि पंख तयार झाल्यावर मी छायाचित्रांवरून मापे घेऊ लागलो. याची रीत सोपी आहे. विमान अगदी आडव्या बाजूने टिपलेले असेल असे चित्र घ्यावे. २५ फूट म्हणजे ३०० इंच. चित्रात विमानाची लांबी १५० मिलिमीटर भरली, तर चित्रातला एक मिलिमीटर म्हणजे खरे दोन इंच. मग चाक, दार, खिडकी, जे पाहिजे ते मोजावे. मात्र जी वस्तू कॅमेऱ्याच्या जवळ किंवा दूर असेल, तिच्या मापावर विश्वास ठेवू नये.

माझ्याकडे जमविलेली सहा चित्रे होती. मापे जुळेनात. एका चित्रात पंख मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा, तर दुसऱ्यात टोकाकडे निमुळता होत गेलेला. दोन रात्री मी पट्टीलाच दोष देत होतो. अखेर चित्रांच्या मागच्या नोंदी नीट वाचल्या, तेव्हा उलगडा झाला. त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला होता. माझ्या सहा चित्रांपैकी दोन त्या दिवसाची होती. आणि त्या दिवशीचे विमान पुस मॉथ नव्हतेच. ते त्याचे धाकटे भावंड 'लेपर्ड मॉथ' होते. ते पहिल्यांदा उडाले १९३३ साली, म्हणजे मूळ टपाल-उड्डाणानंतर. दिसायला दोघे सख्खे भाऊ, पण धाकट्याचे पंख निमुळते आणि अंग प्लायवूडचे. थोरल्याचे पंख सरळ आणि अंग पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचे.

स्मृतिदिनाचे चित्र हा मूळ घटनेचा पुरावा नव्हे, हे आम्हाला प्रथम वर्षात इतिहासलेखनाच्या तासाला शिकविले होते. मी ते परीक्षेत लिहिलेही होते. पण 'टाटांचे विमान माथ्यावर पंख असलेले लहान विमान होते' असे एक वाक्य निबंधात लिहिले असते, तर दोन्ही विमाने त्या वाक्यात सुखाने मावली असती. पत्रा कापायला बसल्यावर मात्र कात्री एकाच रेघेवरून चालवावी लागते.

कोणता धातू कुठून आणावा?

धातूच का, असे पुष्कळांनी विचारले. कागद किंवा लाकूड एका मर्यादेपलीकडे पातळ केले की मोडते. अर्ध्या मिलिमीटरची लाकडी नळी होत नाही, धातूची होते. शिवाय धातूवर उजेड पडतो तो धातूसारखाच पडतो. चंदेरी रंगाने ते साधत नाही.

यासाठी मोठ्या दुकानात जाण्याचे कारण नाही. माझा बहुतेक माल असा जमला:

नळ्यांसाठी इंजेक्शनच्या नव्या सुया. १९ नंबरच्या सुईचा बाहेरचा व्यास १.०७ मिलिमीटर असतो, म्हणजे आपल्या प्रमाणात बरोबर इंचाची नळी. २६ नंबरची सुई ०.४६ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडी बारीक. सुई कात्रीने कापू नये, तोंड चेपते. बारीक कानशीने सभोवार खाच पाडून मग मोडावी, आणि टोकदार भाग सर्वांत आधी मोडून काडेपेटीत बंद करावा.

जाड नळीसाठी फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळणारी तांब्याची बारीक नळी, जिला तो कॅपिलरी म्हणतो. ती सुमारे दोन मिलिमीटर जाड असते.

पत्र्यासाठी मलमाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिकाम्या ट्यूबा. उभ्या चिरून, धुऊन, चमच्याच्या पाठीने काचेवर घासून सपाट केल्या की सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा मऊ पत्रा मिळतो. बिस्किटांच्या जुन्या डब्याचा पत्रा कथिलाचा मुलामा असल्यामुळे सोल्डरिंगला फार चांगला. तारांसाठी विजेच्या लवचिक वायरमधील तांब्याचे धागे. एक टोक पकडीत धरून दुसरे हलकेच ताणले की धागा सुतासारखा सरळ होतो आणि थोडा ताठही.

जाडीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खऱ्या विमानावरचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा धरला, तर १:२४ ने त्याची जाडी ०.०३ मिलिमीटर होते. एवढा पातळ पत्रा बोट लागताच चुरगळतो. मलमाच्या ट्यूबचा पत्रा याच्या तिप्पट जाड आहे. पण पत्र्याची जाडी दिसते ती फक्त कडेला. म्हणून कडेची आतली बाजू कानशीने तिरपी घासून धारेसारखी करावी. आत जाड, कडेला पातळ; पाहणाऱ्याला सगळाच पातळ वाटतो.

तांबट आळीतील धडा

इंजिनाच्या चार सिलिंडरांतून निघणारी धुराची चार तोंडे एका नळीत येऊन मिळतात. ही जोडनळी करताना मी सर्वांत जास्त धातू वाया घालविला. नळी एकदा वाकली, दुसऱ्यांदा वाकली, आणि तिसऱ्यांदा तडकली. कसबा पेठेतील तांबट आळीत आमच्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर आहेत. तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो बोटांत फिरविला आणि म्हणाले, "तापवलं होतंस का?"

"नाही, काका."

"मग तडकणारच. ठोकलं, वाकवलं की तांबं ताठतं. मग ते ऐकत नाही. लाल होऊ दे, पाण्यात टाक, पुन्हा लहान पोरासारखं मऊ होतं. आमचं सगळं मठारकाम त्याच्यावरच चाललंय."

यामागचे शास्त्र असे. धातू अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो. वाकविताना ते कण ओढाताण होऊन एकमेकांत अडकतात, म्हणून धातू कठीण आणि ठिसूळ होतो. मंद लाल होईपर्यंत तापविला की कणांची नव्याने रचना होते आणि मऊपणा परत येतो. तांबे पाण्यात टाकून थंड केले काय अथवा हवेत, मऊपणात फरक पडत नाही. पाण्यामुळे वरची काळी पापडी मात्र सुटते. पोलादाचे उलट आहे. लालबुंद पोलाद पाण्यात बुडविले तर ते अधिकच कठीण होते.

अ‍ॅल्युमिनियमची तऱ्हा आणखी निराळी. ते लाल दिसण्याची वाट पाहाल तर ६६० अंशांना वितळून खाली पडेल. त्यासाठी जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे. पत्र्यावर अंगाच्या साबणाची एक रेघ ओढावी आणि खालून ज्योत फिरवीत राहावे. साबण काळा पडला की थांबावे. पत्रा मऊ झालेला असतो.

आता जोडणी. मुख्य नळीवर शाखा नीट बसावी म्हणून तिचे तोंड गोल कानशीने माशाच्या तोंडासारखे घासावे. फट राहता कामा नये, कारण सोल्डर सांधा धरते, खड्डा बुजवीत नाही. मग घासून चकचकीत करून, फ्लक्स लावून डाक द्यावा. तांबे, पितळ, कथिलाचा पत्रा यांना हे चालते. अ‍ॅल्युमिनियम साध्या सोल्डरला दाद देत नाही, त्याला अ‍ॅराल्डाइटने चिकटवावे. खिडकी उघडी ठेवावी, आणि सोल्डरमध्ये शिसे असते म्हणून काम संपल्यावर हात धुवावेत.

माझी खरी अडचण पुढेच होती. दुसरी शाखा झाळताना पहिली गळून पडे, तिसरी झाळताना दुसरी. साधे सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळते आणि तांबे उष्णता क्षणात पसरविते. उपाय काकांनीच सांगितला. झालेल्या सांध्याला ओल्या चिंधीची पट्टी गुंडाळावी, म्हणजे तो थंड राहतो. शेवटी सगळे सोड्याच्या पाण्यात ब्रशने धुवावे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर जसे कळकते, तसा धुतल्यावाचून राहिलेल्या आम्लयुक्त फ्लक्समुळे सांधाही कळकतो आणि महिनाभरात हिरवा पडतो. नळीचे बाहेरचे तोंड मोठ्या ड्रिलने हलकेच कोरले की जाड नळीही पातळ पत्र्याची वाटते.

जे फिरते ते चिकटवू नये

चाकांच्या दांड्यांवर पुस मॉथमध्ये रुंद पत्र्याची आवरणे दिसतात. हवा सहज कापली जावी म्हणून त्यांचा छेद पाण्याच्या थेंबासारखा असतो. मी ती दांडीला चिकटवून टाकली होती. मग वाचनात आले की ही आवरणे वैमानिकाला नव्वद अंशांत फिरविता येत असत. हे विमान त्या काळच्या मानाने इतके सुबक होते की, उतरताना ते लवकर खाली येईना. तरंगत पुढेच जाई. आवरण आडवे फिरविले की ते हवेला अडवी आणि विमानाचा वेग मोडी. जुन्या द्विपंखी विमानांच्या तारा आणि खांबच हवेला अडवीत, त्यांना निराळ्या ब्रेकची गरज कमी होती.

हे समजल्यावर चिकटविलेली आवरणे उपटून काढली. सुईवर तेलाचे बोट फिरवून तिच्याभोवती ट्यूबचा पत्रा सैलसर दुमडला, मागच्या कडा अ‍ॅराल्डाइटने जोडल्या. तेलामुळे गोंद सुईला धरत नाही आणि आवरण मोकळे फिरते. आता आमच्या प्रतिकृतीत ते बोटाने फिरविता येते. वेगमापकाच्या नळ्यांचेही तसेच. एका नळीचे तोंड समोरून उघडे असते, त्यात वारा भरतो. दुसरीचे तोंड बंद, आणि तिला बाजूने बारीक छिद्रे असतात, म्हणजे तिच्यात फक्त स्थिर हवेचा दाब येतो. या दोन दाबांतील फरकावरून वेग कळतो. २६ नंबरच्या सुईचे दोन तुकडे शेजारी लावले की प्रथमदर्शनी काम झाले असे वाटते. परंतु एकाचे तोंड सोल्डरच्या थेंबाने बुजविल्याशिवाय ते वेगमापक होत नाही, नुसत्या दोन काड्या राहतात.

तीन आठवड्यांचे रिव्हेट

आता माझी सर्वांत मोठी चूक. विमान म्हटले की रिव्हेट आलेच, अशी माझी समजूत होती. म्हणून मी प्रतिकृतीचे सगळे अंग ट्यूबच्या पत्र्याने मढविले आणि त्यावर रिव्हेटच्या ओळी उठविल्या. त्याची युक्ती अशी की, जुन्या गजराच्या घड्याळाचे बारीक दातेरी चाक काडीला बसवून पट्टीच्या कडेने पत्र्याच्या मागून फिरवावे. समोरून ठिपक्यांची सुंदर ओळ उमटते. तीन आठवडे हे काम चालले. झाल्यावर मी अभिमानाने विमान सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

सरांनी बराच वेळ पाहिले. मग विचारले, "याचे अंग कशाचे होते रे?"

"अ‍ॅल्युमिनियमचे असणार, सर."

"असणार म्हणजे?"

मी गप्प. पोलादी नळ्यांचा सांगाडा मला माहीत होता. लेपर्ड मॉथ वेगळे काढताना तोच तर पुरावा मी वापरला होता. पण त्या सांगाड्यावर काय होते हे विचारायचेच राहिले होते. सांगाड्यावर कापड होते. कापड ताणून, त्यावर रोगण चढवून ताठ केलेले. पत्रा होता तो पुढे इंजिनाच्या आवरणाला. कापडाला रिव्हेट मारीत नाहीत, हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही.

त्या रात्री सगळा पत्रा सोलून काढला. सोलताना वाईट वाटले, कारण ओळी खरोखरच सरळ आल्या होत्या. त्या जागी पातळ कागद खळीने ताणून लावला. तो सुकल्यावर खालच्या काठ्यांचे उंचवटे कापडासारखेच पुसट दिसू लागले. काम चांगले झाले म्हणून ते खरे ठरत नाही, एवढा धडा मला त्या पत्र्याने दिला. आपल्या निबंधांतही असे रिव्हेट पुष्कळ असतात. ओळ सरळ असते, ठिपके सारखे असतात आणि खाली कापड असते.

शेवटी

प्रदर्शन पार पडले. विमानाखाली पाटी लावली: पुस मॉथ, व्हीटी-एडीएन, कराची ते मुंबई, १५ ऑक्टोबर १९३२, प्रमाण १:२४. लेपर्ड मॉथची दोन्ही चित्रे शेजारी टांगली आणि त्यांखाली १९८२ हे साल ठळक लिहिले. पुष्कळांनी दोन्ही विमानांत फरक काय म्हणून विचारले, आणि मला सांगता आले.

तांबट काकांनाही बोलाविले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विमान अगदी डोळ्यांजवळ धरले. पंख, खिडक्या, पाटी यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ते धुराच्या नळीकडेच पाहात होते. म्हणाले, "नळी बरी जमलीय. तिसरा सांधा दिसतो."

तो सांधा खरोखरच दिसतो. पहिले दोन ओल्या चिंधीच्या आधाराने सुटले. तिसऱ्याच्या वेळी मी घाई केली आणि सोल्डरचा थेंब बाहेर आला. तो कानशीने काढता आला असता, पण तोवर नळी जागेवर बसली होती. विमान सध्या ग्रंथालयात, वाचनकक्षाच्या काचेच्या कपाटात आहे. उजव्या बाजूने पाहिले की तो थेंब कुणालाही सापडेल. पुढच्या वर्षी प्रथम वर्षातील ज्या विद्यार्थ्याला एखादी प्रतिकृती करावयाची असेल, त्याने आधी तो पाहून घ्यावा आणि मग मला भेटावे. माझ्याकडे मलमाच्या अकरा ट्यूबा अजून शिल्लक आहेत.